रक्ताला गार, चरबीला कोमट

यंदाच्या गटारीला दोन किलो मटण ट्रेकच्या सॅकमध्ये टाकून पानशेतकडे मित्राच्या शेतावर निघालो होतो. खडकवासल्याच्या पुढे पाठीला ओलं लागलं. काळी पिशवी हाडाच्या टोकानं फाटली होती आणि सॅकच्या तळाशी लाल पाणी साचलं होतं. रात्री घरी आल्यावर आईनं सॅक धुवायला बादलीत गिझरचं कढत पाणी सोडलं. म्हटलं, "आई, थांब, तो नळ बंद कर. गार पाणी घे."

त्या लाल पाण्यात रक्त थोडंच असतं. बहुतेक रक्त खाटकाकडेच निथळून जातं. उरतं ते स्नायूंमधलं पाणी आणि त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनचं भावंडच. दोन्ही प्रथिनं, दोन्हींत लोह. डाग ताजा असेल तर ती गार पाण्यात सहज सुटतात. पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं, की प्रथिनांच्या घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि गोठतात. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो, तसंच. फक्त इथं ते कापडाच्या विणीत घडतं, आणि शिजलेला डाग मग नुसत्या पाण्यानं निघत नाही.

तीन-चार पाणी गार घेतल्यावर तळ स्वच्छ दिसू लागला, पण शिवणींत तपकिरी रेघा राहिल्या. तिथं औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब थेंब टाकलं. लगेच बारीक सुरसुर झाली आणि पांढरा फेस वर आला. रक्तात आणि मांसात कॅटालेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारं प्रथिन, असतं. त्याचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडून पाणी आणि ऑक्सिजन वेगळे करतो. त्या बुडबुड्यांनी शिवणीतली घाण वर उचलली जाते, आणि पेरॉक्साइड डागाचा रंगही फिका करतं. कापडाचाही करू शकतं, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात थेंब टाकून बघावा.

मग कपडे धुण्याची एन्झाइमवाली पावडर. तिच्यातलं प्रोटिएज प्रथिनांची साखळी कापून तुकडे करतं. जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ साली जनावरांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम्स कपडे धुण्यासाठी वापरायचं पेटंट घेतलं. आपल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही कोनिडिओबोलस नावाच्या बुरशीतून मिळणारं प्रोटिएज डिटर्जंटमध्ये कसं टिकतं, यावर काम झालं आणि ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. पाषाणवरून रोज जाणाऱ्या पुणेकरांना हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र हीच पावडर पैठणीला लावू नका. रेशीमही प्रथिनच आहे.

चरबीचं गणित उलटं. बोकडाची चरबी गार पाण्यात थिजून कापडाला चिकटते, म्हणून डाग गेल्यावर पाणी कोमट घ्यायचं, हाताला सोसेल इतकं. एन्झाइमलाही तीच ऊब मानवते. चरबी राहिली तर खवट वास येतो, आणि मांसातलं लोह तो खवटपणा लवकर आणतं. बोकडाचा मूळचा उग्र दर्पही चरबीतल्या काही खास आम्लांचाच असतो.

ब्लीच सुरुवातीला ओतण्यात अर्थ नाही. त्यातलं क्लोरीन घाणीवरच खर्च होतं, जंतूंसाठी उरत नाही. लिंबू किंवा व्हिनेगरबरोबर तर ते कधीच वापरू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरी कसोटी वाळवण्याची. पावसाळ्यातल्या पुण्यात खांद्याच्या पट्ट्यांतला फोम दोन-दोन दिवस ओला राहतो आणि जंतूंना तेवढं पुरतं. सॅक उलटी केली, सगळ्या चेनी उघड्या टाकल्या आणि पंख्याखाली टांगली. पाऊस उघडला तरी कडक उन्हात ठेवली नाही, कारण उन्हातली अतिनील किरणं नायलॉन कमजोर करतात. तिसऱ्या दिवशी आत थोडं पाणी शिंपडून चेन लावली आणि तासाभरानं नाक घातलं. दमट हवेत दबलेला वास वर येतो. डाव्या पट्टीतून तो आलाच, तेव्हा तेवढीच पट्टी पुन्हा एन्झाइमच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली.