सातव्या वर्षाची रजा आणि बेळगावचा प्राध्यापक

सात वर्षांच्या सेवेनंतर प्राध्यापकाला निव्वळ अभ्यासासाठी वर्षभराची पगारी रजा, म्हणजे सॅबॅटिकल, मिळू शकते, हे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या स्टाफरूममध्ये बहुतेकांना ठाऊक असतं. ती रजा घेतलेला सहकारी मात्र चटकन आठवत नाही. अर्ज का होत नाहीत, याची चर्चा साधारणपणे ‘मॅनेजमेंट सोडणार नाही’ या एका वाक्यावर संपते. कारणं त्याहून जुनी आहेत, आणि त्यातली काही आपल्या सीमाभागाचीच आहेत.

सातचा आकडा हिब्रू धर्मग्रंथांतून आला. सहा वर्षं जमीन पेरायची, सातव्या वर्षी पड ठेवायची, त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते गोरगरिबांना आणि जनावरांना, अशी तिथली आज्ञा. विद्यापीठांत हा नेम आणला तो हार्वर्डने, १८८० मध्ये. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला एक तरुण विद्वान आपल्याकडे ओढायचा होता, आणि त्याला दाखवलेल्या आकर्षणांत ही रजाही होती. तो विद्वान म्हणजे संस्कृतचे अभ्यासक चार्ल्स लॅनमन. पुढे १८८९ मध्ये ते भारतात आले आणि हार्वर्डसाठी हस्तलिखितं घेऊन गेले. म्हणजे या रजेच्या इतिहासाचं पहिलंच पान आपल्याकडच्या भाषेशी जोडलेलं आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हार्वर्डची तेव्हाची अट मात्र कडक होती: दर सातव्या वर्षी रजा, पण अर्ध्या पगारावर. त्यानंतर कॉर्नेल, कोलंबिया अशा इतर अमेरिकी विद्यापीठांनीही ही पद्धत उचलली.

त्याच काळात मुंबई इलाख्यात चित्र वेगळं होतं. सरकारी कॉलेजांतल्या युरोपियन प्राध्यापकांना मायदेशी जाण्यासाठी फर्लो, म्हणजे लांब मुदतीची रजा, मिळे. आपल्या माणसांनी काढलेल्या संस्थांची रीत निराळी. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली ती आजीव सदस्यांच्या बळावर. वीस वर्षं संस्थेला वाहून घ्यायचं आणि महिना ७५ रुपयांत भागवायचं, अशी ती प्रतिज्ञा. बेळगावात १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी के. एल. ई. (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्था सुरू केली, तीही याच सेवाभावाने. तिचं लिंगराज कॉलेज १९३३ मध्ये निघेपर्यंत बेळगावच्या मुलाला पदवीसाठी कोल्हापूरचं राजाराम, सांगलीचं विलिंग्डन, धारवाडचं कर्नाटक कॉलेज किंवा थेट पुणं गाठावं लागे. कॉलेज गावात येणं हेच तेव्हा मोठं होतं, आणि ते चालवणाऱ्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही.

या परंपरेबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. पण तिने एक सवय मागे ठेवली, हेही म्हणायला हवं. शिक्षकाने वर्गात उभं राहणं म्हणजे सेवा, आणि ग्रंथालयात वर्षभर बसणं म्हणजे चैन, असा समज संस्थाचालकांत रुजला आणि शिक्षकांतही. चाळीस मुलांचा वर्ग सोडून दप्तरखान्यात कागद वाचायला जातो म्हणणाऱ्याला आजही थोडं ओशाळल्यासारखं होतं. तसं व्हायचं काही कारण नाही. ज्याने वीस वर्षांत नवं काही वाचलं नाही, त्याचा वर्ग कसा चालतो हे विद्यार्थ्यांना नेमकं कळतं.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात शिक्षकांच्या अभ्यासरजेचा विषय स्पष्टपणे मांडला: एका वेळी एक वर्ष आणि सगळ्या सेवेत तीन वर्षांपर्यंत. त्याच वर्षी कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं. त्याचा कारभार आधी मुंबईत सुरू झाला आणि १९५० मध्ये धारवाडला गेला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि शिक्षकांच्या वेतन, रजा, निवृत्तीचे धागे मुंबईऐवजी बंगळूरला बांधले गेले. सरकारी नोकरांसाठी राज्याचे नागरी सेवा नियम १९५८ मध्ये आले. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यावर विद्यापीठ दाराशी आलं. तोवर बेळगावजवळ भूतरामनहट्टीला धारवाडच्या विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं.

सीमेचा परिणाम नोकरीच्या कागदांपुरता राहिला नाही. संशोधनाचे कागदही वाटले गेले. बेळगाव हे मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचं मुख्य ठाणं. शहापूर तर सांगली संस्थानात. जमखंडी, मिरज, सांगली ही पटवर्धनांची संस्थानं, शेजारी रामदुर्ग, पलीकडे कित्तूर. या मुलखाचा अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा इतिहास लिहायचा तर पुण्याचं पेशवे दप्तर, मुंबईचं पुरालेखागार, कोल्हापूरचे दरबारी कागद आणि धारवाडची कन्नड संशोधन संस्था, अशा सगळ्या ठिकाणी बसावं लागतं. सौंदत्तीहून वेणुग्रामात, म्हणजे जुन्या बेळगावात, राजधानी आणणाऱ्या रट्ट राजघराण्याचे लेख कन्नड आणि संस्कृतात, पेशवाईतले कागद मोडीत, कंपनी सरकारचा पत्रव्यवहार इंग्रजीत. एवढ्या लिपी आणि भाषा हाताळू शकणारा अभ्यासक इथेच तयार होऊ शकतो. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत तो वाढलेला असतो. पण हे काम दिवाळीच्या सुट्टीत होत नाही. सेमिस्टर पद्धत आल्यापासून दोन सत्रांमधला वेळ परीक्षा आणि पेपर तपासणीत जातो. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून वाचायचे तर सलग महिने हवेत. म्हणून ही रजा इतर कुणाहून सीमाभागातल्या प्राध्यापकाला जास्त गरजेची आहे, असं माझं मत आहे.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत ही रजा होती, आणि जुलै २०१८ च्या नियमावलीतही ती कायम आहे. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं पूर्ण केलेला कायम, पूर्णवेळ शिक्षक पात्र ठरतो. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष, पूर्ण सेवेत दोन वर्षं. पूर्ण पगार आणि भत्ते, वार्षिक वेतनवाढ ठरल्या तारखेला, आणि परत रुजू झाल्यास हा काळ पेन्शनसाठीही धरला जातो. रजेत दुसरीकडे नियमित नोकरी करता येत नाही. फेलोशिप किंवा मानधनावरचं तात्पुरतं काम स्वीकारता येतं, मात्र तशा वेळी पगार कमी करण्याचा अधिकार विद्यापीठाच्या सिंडिकेटला, म्हणजे कार्यकारी मंडळाला, आहे. हार्वर्डच्या अर्ध्या पगारापेक्षा हा नियम उदार आहे.

गोम पहिल्याच अटीत आहे. सात वर्षं मोजायची ती सहयोगी प्राध्यापक झाल्यापासून. त्या पदावर बढती मिळवायला २०१८ च्या नियमांनुसार पीएच.डी. लागते. सहायक प्राध्यापकासाठी वेगळी अभ्यासरजा आहे. ती तीन वर्षांच्या सेवेनंतर मागता येते, आणि परतल्यावर किमान तीन वर्षं सेवा करण्याचा बाँड द्यावा लागतो. ती किंवा वर्षभराचं दुसरं कुठलं प्रशिक्षण घेतलं असेल, तर परतल्यापासून पाच वर्षं सातव्या वर्षाची रजा मिळत नाही. उशिरा पीएच.डी. आणि उशिरा बढती झालेल्या शिक्षकाला हा हिशेब जुळेपर्यंत निवृत्ती दिसू लागते.

दुसरी अडचण नियमात लिहिलेली नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास आणि वरच्या पदांना चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन, असा वर्कलोड ठरलेला आहे. दहा-बारा शिक्षकांच्या विभागात एक जण गेला तर तास वाटून घेता येतात. सीमाभागात मराठी विभाग अनेक ठिकाणी एकदोन माणसांवर चालतो. तिथे मराठीचे एकुलते सर वर्षभर पुण्याला गेले, तर बी. ए. च्या मुलांनी कुणाकडे शिकायचं? गेस्ट लेक्चरर मिळेल, पण मंजुरी कधी येणार आणि मराठीचा उमेदवार कुठून आणायचा? मुलं कमी झाली तर विभागच बंद पडेल ही भीती आहेच. इथे मराठी शिकवणारा माणूस ती रोज अंगावर वागवतो. म्हणून पात्र असलेलेही अर्ज करत नाहीत. त्यांना आळशी म्हणणं अन्याय ठरेल.

तरीही अर्ज करावा, असं मी आग्रहाने सांगेन, आणि तो नीट करावा. आयोगाच्या नियमानुसार रजेतल्या कामाचा आराखडा अर्जासोबतच मंजुरीसाठी द्यावा लागतो, आणि परतल्यावर केलेल्या कामाचा अहवाल. आराखड्यात ‘पुढील संशोधन’ असं मोघम लिहिलं की फाइल तिथेच अडते. कोणत्या दप्तरातले कोणत्या काळातले कागद, कोणत्या महिन्यांत, शेवटी हाती काय येणार, हे लिहावं. अनुदानित कॉलेजात अर्ज प्राचार्य आणि मॅनेजमेंटमार्फत, म्हणजे थ्रू प्रॉपर चॅनल, वर जातो. पगार सरकार देत असल्याने महाविद्यालयीन शिक्षण खात्याची संमतीही लागते. सर्व्हिस बुकातली बढतीची तारीख आणि आधीच्या रजांच्या नोंदी अगोदर तपासून घ्याव्यात. सत्र सुरू होण्याच्या पुष्कळ आधी अर्ज दिला, तर बदली शिक्षकाची सोय करायला प्राचार्यांनाही वेळ मिळतो.

बदली शिक्षकाची ही सोय शिक्षकाच्या ओळखीपाळखीवर सोडू नये. एक किंवा दोन शिक्षकांच्या विभागातून रजेचा अर्ज आला, तर रजा आणि त्या वर्षापुरता गेस्ट लेक्चरर यांची मंजुरी एकाच ठरावात द्यावी. असा ठराव विद्यापीठाने आणि खात्याने मिळून करावा, अशी मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरायला हवी. मराठी विभागाइतकाच त्याचा उपयोग लहान गावांतल्या उर्दू आणि संस्कृत विभागांना होईल.