ब्रेक सोडतं कोण?

मोटरसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक लावतं कोण, हे गाडी चालवणारा कुणीही सांगेल: उजव्या हाताची बोटं आणि नळीतलं ब्रेक ऑइल. पण लिव्हर सोडल्यावर पॅडना डिस्कपासून मोकळं कोण करतं? "आत स्प्रिंग असेल" हे उत्तर हमखास येतं. डिस्कला दोन्हीकडून धरून बसलेला कॅलिपर उघडून पाहिला तर पिस्टन मागे ओढणारी एकही स्प्रिंग त्यात सापडत नाही. सापडते ती चौकोनी छेदाची एक रबरी कडी, म्हणजे सील. ते सील ऑइल बाहेर गळू देत नाही आणि पिस्टन मागेही तेच घेतं. रत्नागिरी, मालवण, हर्णै, वेंगुर्ल्याकडे ब्रेक धरून बसलेल्या ज्या गाड्या गॅरेजमध्ये येतात, त्यांचं दुखणं समजून घ्यायचं तर या सीलपासून सुरुवात करायला हवी.

ब्रेक लावण्याचा भाग सोपा आहे. ब्लेझ पास्कल यांचा द्रवदाबाचा नियम १६६३ साली, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, छापून आला. बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा तो नियम. लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास १२ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ३० मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळात सव्वासहा पटींचा फरक पडतो. लिव्हरमुळे जोर आणखी पाच पट वाढतो असं समजू. मग बोटांनी लावलेल्या ५ किलोच्या जोराचे पॅडवर दीडशे किलोहून जास्त होतात. ज्या गाडीमुळे हा ब्रेक मोटरसायकलींत रुळला, ती होंडाची सीबी ७५० १९६९ साली आली. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही.

मला जास्त थोर वाटतो तो सोडण्याचा भाग. सील कॅलिपरच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत बसतं आणि पिस्टनला घट्ट मिठी मारून असतं. पिस्टन बाहेर सरकला की सीलची आतली कड त्याच्याबरोबर ओढली जाते आणि रबर पिळल्यासारखं कलतं. खाचेचा डिस्ककडचा कोपरा मुद्दाम किंचित तिरका कापलेला असतो, म्हणजे त्याला कलायला जागा मिळते. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला मागे आणतं. किती मागे? मिलिमीटरचा एक-दोन दशांश, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढं. चाक मोकळं फिरायला तेवढं पुरतं. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून तोच खेळ सुरू करतो. म्हणून ड्रम ब्रेकसारखा नट आवळत बसावं लागत नाही.

इतक्या बारीक अंतरावर चालणाऱ्या यंत्रणेत मीठ शिरलं की काय होतं, ते आपल्या किनाऱ्यावर दिसतं. लाटा फुटताना पाण्यात अडकलेले बुडबुडे वर येऊन फुटतात, त्यांचे बारीक थेंब हवेत उडतात आणि दुपारचे खारे वारे ते वाडीपर्यंत आणतात. पाणी उडून जातं, मीठ उरतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की खाण्याचं मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे कोकणात धातूवर बसलेलं मीठ पाऊस नसतानाही बहुतेक वेळ ओलंच असतं.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. पावसात उभी असलेली गाडी निदान धुतली तरी जाते. पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या गाडीवर मीठ आणि दमट हवा पोचते, पण मीठ धुऊन नेणारं पाणी पोचत नाही. शिमग्यानंतर लावलेली गाडी थेट गणपतीत बाहेर काढणाऱ्या चाकरमान्यांचे ब्रेक त्यामुळेच जास्त अडकतात. लिव्हर महिनोन्‌महिने दाबला गेलेला नसतो, सील आणि पिस्टन एकाच जागी चिकटून असतात आणि कडेने मीठ आपलं काम करत असतं.

ते काम असं. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, पक्का थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याला वाचवतो. मिठातले क्लोराइड आयन हा थर जागोजागी फोडतात. जवळच क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी पिस्टन असतो. खारं पाणी दोन्ही धातूंना जोडतं तेव्हा एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्यातून पांढरी भुकटी बनते, म्हणजे ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड. ते मूळ धातूच्या जवळपास तिप्पट जागा व्यापतं. कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती दोन सील असतात: आतलं दाबाचं, बाहेरचं धूळ अडवणारं. बाहेरचं पाणी आधी धुळीच्या सीलच्या खाचेत शिरतं आणि भुकटी तिथेच साठू लागते. भरीव भिंत आणि पिस्टन यांच्यामध्ये ती फुगली की जायला वाट एकच उरते: सीलला पिस्टनवर दाबणं. पिस्टन आवळला जातो. भुकटी पुढे दाबाच्या सीलच्या खाचेत पोचली आणि तो तिरका कोपरा भरला, की रबराला कलायला जागाच राहत नाही. ब्रेक लागतो, सुटत नाही.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. नव्या सीलचं किट आणून जुन्या खाचेत बसवलं तर ब्रेक थोड्याच दिवसांत पुन्हा धरतो, आणि दोष किटवर येतो. खरं दुखणं खाचेत असतं. दुरुस्तीतला सगळ्यात मोलाचा वेळ तिथे घालवावा.

पण कॅलिपर खोलण्याआधी दोष तिथलाच आहे ना, हे पाहा. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालतो. लिव्हर दाबून सोडल्यावर चाक जड राहिलं, तर कॅलिपरवरच्या हवा काढायच्या ब्लीडिंग निपलवर पारदर्शक नळी चढवून निपल जरासं सैल करा. ऑइल उसळून आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब वर अडकतोय: बहुधा मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक तुंबलंय, नाहीतर रबरी नळी आतून फुगलीय. निपल सैल करूनही चाक जडच असेल, तर दोष कॅलिपरचा. त्यातही आधी सरकत्या पिना तपासा. बहुतेक गाड्यांवर पिस्टन एकाच बाजूला असतात आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसरं पॅड डिस्कला भिडवतो. जांभ्याची लाल माती रबरी टोपीतून आत गेली की या पिना सुकतात. कधी कधी त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, एवढ्यावर काम भागतं.

भागलं नाही, तर पिस्टन काढायचा. त्यासाठी गाडीच्याच लिव्हरसारखं चांगलं हत्यार नाही. पॅड काढा, कॅलिपर डिस्कवरून उतरवा, नळी जोडलेलीच ठेवा आणि मास्टर सिलिंडरच्या टाकीत ब्रेक ऑइल घालत हळूहळू लिव्हर दाबत राहा. पिस्टन सावकाश बाहेर येतो. दोन पिस्टन असतील तर सुटलेला लाकडाच्या तुकड्याने रोखून धरा, म्हणजे जोर अडकलेल्यावर जाईल. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन उडवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. सेंटिमीटर चौरसाला ६ किलोच्या दाबाने ३० मिलिमीटरच्या पिस्टनवर ४० किलोहून जास्त जोर येतो, आणि दाबलेली हवा द्रवासारखी एकदम शांत होत नाही. तिथे बोट असेल तर ते चिरडतं. पकडीने पिस्टन धरून ओढणंही नको, कारण क्रोमवर ओरखडा पडला की तो पिस्टन बाद.

दोन्ही सील काढून फेकून द्या, ती परत वापरायची नाहीत. आता खाच. आधी बांबूच्या अणकुचीदार काडीने, मग पितळी ब्रशने, आणि भुकटी दगडासारखी बसली असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे असते तसल्या वाकड्या टोकाच्या हत्याराने, अगदी हलक्या हाताने. भुकटी खरवडायची, धातू नाही; कारण सील पिस्टनला जसं टेकतं तसं खाचेच्या भिंतीलाही टेकतं, आणि तिथला ओरखडा पुढे गळती होतो. पांढरं जाऊन धातूची चमक दिसू लागेपर्यंत थांबू नका. उजेड चांगला हवा, घाई अजिबात नको.

पिस्टनवर नख फिरवा. क्रोमच्या मुलाम्यात सूक्ष्म भेगा असतात, त्यांतून मीठ खालच्या पोलादापर्यंत जातं आणि गंज फुगून मुलामा उचलला जातो. सील जिथे घासतं त्या पट्ट्यात नख अडकलं, तर नवा पिस्टन घ्या. पॉलिश पेपरने तो खड्डा जात नाही, उलट आसपासचा मुलामा पातळ होतो.

धुण्याबद्दल. गॅरेजमध्ये सगळं पेट्रोल नाहीतर रॉकेलमध्ये बुचकळायची सवय आहे. ब्रेकच्या बाबतीत ती घातक ठरते. ही सील सहसा ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. ते ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लागलं की फुगतं. फुगलेलं सील पिस्टन आवळतं, म्हणजे सुटका व्हावी म्हणून केलेल्या कामातून तेच दुखणं परत. ब्रेक क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या. सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस वापरा. हे लाल ग्रीस एरंडेलावर बेतलेलं असतं. सुरुवातीच्या काळातल्या हायड्रॉलिक ब्रेकमध्येसुद्धा एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असे. रबराशी एरंडेलाचं जमतं हे तेव्हापासूनच माहीत आहे.

खाच नीट साफ झाली का, हे पिस्टनच सांगतो. ऑइल लावलेला पिस्टन सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबला की तो एकसारखा आत सरकायला हवा. शिकंजा लावावा लागत असेल, तर बाहेर काढा आणि खाच पुन्हा पाहा.

जोडताना नळी कॅलिपरला धरणाऱ्या पोकळ बोल्टचे, म्हणजे बँजो बोल्टचे, तांब्याचे वॉशर नवे घाला आणि बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळा. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच घ्या, आपल्याकडच्या गाड्यांवर ती बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असते. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्याने ३.७ टक्के पाणी शोषलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पाणी शोषणं हा निव्वळ दोष नाही. शोषलेलं पाणी सगळीकडे विखुरतं, तळाशी साचून एका जागी गंज धरत नाही. मात्र आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना धरून बसलेल्या ब्रेकने कॅलिपर तापला आणि त्या ऑइलची वाफ झाली, तर लिव्हर थेट मुठीला टेकतो, कारण वाफ दबते, द्रव दबत नाही. ऑइल दोन वर्षांनी बदला असं पुस्तिका सांगतात; किनाऱ्यावर मी दर वर्षी, पावसाळा संपला की बदलावं म्हणेन. झाकण आधीच उघडलेली ऑइलची जुनी बाटली तर वापरूच नये.

हवा काढताना निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी हवं, नाहीतर बुडबुडा वरच अडकून राहतो. नळीचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. आणि टाकी रिकामी होऊ देऊ नका. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग उचलतं. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत हवा त्या यंत्रणेच्या आतल्या वाटांत अडकू शकते आणि काही गाड्यांत ती काढायला कंपनीचं उपकरण लागतं. तिथे गॅरेजला पर्याय नाही. लिव्हर कडक होत नसेल किंवा कुठेही ओल दिसत असेल, तर कोणतीही गाडी रस्त्यावर काढू नये.

गाडी हलवण्याआधी लिव्हर अनेकदा दाबा. पिस्टन पूर्ण आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबांत ब्रेक लागतच नाही; अंगणाच्या उतारावर हे कळणं वाईट. मग चालण्याच्या वेगाने, मग जरा जोरात. पाचेक किलोमीटर ब्रेक शक्यतो न लावता जाऊन या आणि डिस्कवर पाण्याचे थेंब टाका. थेंब चुरचुरले, तर ब्रेक अजून धरतोय.

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीतून गाडी नेली, पुळणीवरून चालवली, तर त्याच दिवशी कॅलिपरवर गोडं पाणी सोडा. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी उपयोगाचं नाही, त्यातही मीठ असतं. धुतल्यावर एक फेरी मारून ब्रेक लावा, म्हणजे डिस्क-पॅड वाळतात. गाडी बरेच महिने उभी राहणार असेल, तर घरातल्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा लिव्हर दाबायला आणि चाक फिरवायला सांगा. काढलेलं जुनं ऑइल परसात किंवा विहिरीजवळ ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपाजवळ द्या. इंजिन ऑइलमध्ये मात्र ते मिसळायचं नाही.