लेप्टोची गोळी आणि मातीतले जिवाणू

भातलावणी सुरू झाली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, बातम्या येऊ लागतात आणि आरोग्यसेविका तो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) गोळ्या घेऊन वाड्यावाड्यांतून फिरू लागतात. तेव्हा कोणीतरी हमखास म्हणते, ‘आपण मातीत राबणारी माणसे, आपल्याला ही केमिकलची गोळी कशाला?’ वस्तुस्थिती अशी आहे की रोग मातीतून येतो आणि त्या गोळीचे मूळही मातीतच आहे.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्री आकाराचा जिवाणू उंदरांच्या मूत्रपिंडात राहतो, मूत्रावाटे बाहेर पडतो आणि कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, साचलेल्या पाण्यात किंवा ओल्या मातीत कित्येक आठवडे तग धरतो. गुरांच्या मूत्रातूनही तो येऊ शकतो. दिवसभर चिखलात उभे राहून पायांची कातडी मऊ पडलेली असते, बोटांच्या बेचक्यांत चिरा गेलेल्या असतात. तेवढी वाट त्याला पुरते. माणसाकडून माणसाला हा रोग क्वचितच होतो. अचानक चढलेला ताप, पोटऱ्यांतील तीव्र वेदना आणि लाल झालेले डोळे ही या रोगाची लक्षणे होत. रोग बळावला तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ लागते, डोळे पिवळे दिसतात, आणि मग काही घरांत रुग्णाला दवाखान्याऐवजी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले जाते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावून तो चुन्याच्या निवळीत धुतला की पाणी पिवळे होते. ती रसायनक्रिया आहे, निरोगी माणसाच्या हातानेही ती तशीच घडते. या खेळात जे दोन-तीन दिवस जातात, ते रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

आता गोळीकडे वळू. बेंजामिन डग्गर यांनी मातीतील एका जिवाणूपासून मिळवलेले ऑरिओमायसिन 1948 मध्ये जगापुढे आले. ते टेट्रासायक्लिन कुळातील पहिले औषध, आणि ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत हे काम झाले तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. याच कुळातील ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या रेणूत थोडा बदल करून पुढे डॉक्सिसायक्लिन तयार झाले. दोन्ही मूळ औषधे बनवणारे जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस या वंशाचे आहेत. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातील जिओस्मिन हा मुख्य घटकही प्रामुख्याने हेच जिवाणू तयार करतात.

हे जिवाणू प्रतिजैविक का आणि केव्हा बनवतात, हा या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू रुजले की बुरशीसारखे तंतू मातीत पसरतात. अन्न संपत आले की जुने तंतू विघटित होऊ लागतात आणि त्यातून सुटलेल्या पोषणावर नवे तंतू हवेत वर वाढून बीजाणू धरतात. ही आयती शिदोरी इतर जिवाणूंनी पळवू नये म्हणून नेमक्या त्याच सुमारास प्रतिजैविक तयार होते, असे मानले जाते. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जातीत याची सुरुवात ‘ए-फॅक्टर’ नावाचा एक छोटा रेणू करतो. वसाहत वाढते तसा तो साचत जातो आणि ठरावीक पातळी गाठली की डीएनएवर बसून एक जनुक बंद ठेवणाऱ्या प्रथिनाला चिकटून त्याला तिथून उठवतो. मोकळ्या झालेल्या जनुकापासून एडीपीए हे प्रथिन बनते, ते एसटीआरआर नावाचे दुसरे जनुक जागे करते, आणि त्यापासून बनलेले प्रथिन स्ट्रेप्टोमायसिनची पूर्ण जनुकमालिका सुरू करते.

परंतु स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमला, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला, चिकटून जिवाणूची प्रथिननिर्मिती बिघडवते, आणि रायबोसोम तर स्वतःच्या पेशीतही असतात. म्हणून एसटीआरआरच्या जोडीलाच संरक्षणाचे जनुकही वाचले जाते. त्यापासून बनणारे विकर (एन्झाइम) स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेटचा गट जोडून त्याला निष्प्रभ ठेवते. पेशीबाहेर पडल्यावर तो गट काढला जातो आणि तेव्हाच औषध जहाल होते. शस्त्र बाहेर पडेपर्यंत म्यानात ठेवण्याची ही सोय आहे.

याचाच अर्थ असा की प्रतिजैविक आणि त्याला दाद न देण्याची क्षमता मातीत एकत्रच नांदत आली आहे. कॅनडातील युकॉन प्रदेशात 30,000 वर्षे गोठून राहिलेल्या मातीतील डीएनएमध्ये टेट्रासायक्लिनला दाद न देणारी जनुके सापडल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या आतड्यातील जिवाणूंमध्येही स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट जोडणारी विकरे आढळतात आणि त्यांची जनुके बहुधा प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-वर्तुळावर असतात, त्यामुळे ती एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकतात. मग असा जिवाणू न धुतलेल्या हातांवाटे किंवा मैला झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यावाटे एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचतो. विषाणूजन्य सर्दीसाठी दुकानातून मागून घेतलेले प्रतिजैविक त्या विषाणूला काहीच करत नाही. आतड्यातील साधे जिवाणू मात्र त्याने मरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत ही जनुके बाळगणारे जिवाणू वाढतात.