बॅकलिंक व शोध-क्रमवारी

एखाद्या संकेतस्थळाकडे इतर संकेतस्थळांवरून येणाऱ्या दुव्यांना बॅकलिंक म्हणतात. सर्च इंजिने असा दुवा ही एक शिफारस समजतात आणि शोधनिकालांचा क्रम लावताना पानावरील मजकुराच्या जोडीने तिचाही हिशेब धरतात. संख्या हा या हिशेबाचा गाभा नाही. दुवा देणाऱ्या पानाचे स्वतःचे वजन किती आणि त्याने आणखी किती जणांना दुवे दिले आहेत, यावर त्या शिफारशीची किंमत ठरते.

पूर्वपीठिका व श्रेय : ही कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. संशोधनलेखांच्या संदर्भसूचींवरून लेखांचा परस्परसंबंध शोधता येईल, असे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. केवळ मोजणी पुरेशी नाही, कोण उद्धृत करतो हेही पाहिले पाहिजे, हा पुढचा टप्पा गॅब्रिएल पिन्स्की व फ्रान्सिस नरिन यांनी १९७६ मध्ये गाठला. त्यांच्या पद्धतीत वजनदार नियतकालिकाने घेतलेल्या दखलीला अधिक वजन मिळते. समाजमितीत (समूहातील व्यक्तींचे परस्परसंबंध मोजणाऱ्या शास्त्रात) लिओ कॅट्झ यांनी १९५३ मध्येच व्यक्तींचे स्थान ठरवण्यासाठी याच्या जवळ जाणारी रीत सुचवली होती.

वेबवर ही कल्पना प्रथम कोणी आणली, याबद्दल एकमत नाही. रॉबिन ली (पुढे बायडू या चिनी सर्च इंजिनाचे सहसंस्थापक) यांचे दुव्यांवरून क्रम लावणारे रँकडेक्स १९९६ चे मानले जाते. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गेई ब्रिन (पुढे गूगलचे संस्थापक) यांचे ‘बॅकरब’ हे सर्च इंजिन आकाराला येत होते. मासिमो मार्कियोरी यांनी १९९७ मध्ये, तर जॉन क्लाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये आपापल्या पद्धती प्रसिद्ध केल्या. क्लाइनबर्ग यांनी पानांचे ‘अधिकारी’ (जिथे माहिती असते) व ‘केंद्र’ (जे चांगल्या माहितीकडे पाठवते) असे दोन गुण वेगळे काढले. ली यांचा पेटंट अर्ज फेब्रुवारी १९९७ चा, पेज यांचा प्राथमिक अर्ज त्याच वर्षीच्या जानेवारीतला. पेज यांच्या पेटंटांत ली यांच्या कामाचा उल्लेखही येतो. काही आठवड्यांच्या अशा अंतरावरून अग्रमान ठरवण्यात फारसा अर्थ नाही. वजनातून वजन काढण्याचे तत्त्व पिन्स्की-नरिन यांच्याकडे आधीच स्पष्ट दिसते. कोट्यवधी पानांवर ते चालवून दाखवणे, हे पेज व ब्रिन यांचे काम अधिक निर्विवाद आहे.

पेजरँक : पेज व ब्रिन यांच्या या पद्धतीसाठी दुव्यांवरून वाटेल तसा भटकणारा वाचक कल्पावा. ८५ टक्के वेळा तो समोरच्या पानावरील एखाद्या दुव्याने पुढे जातो, उरलेल्या वेळी कंटाळून कुठल्याही पानावर उडी घेतो. बराच काळ भटकल्यावर तो एखाद्या पानावर सापडण्याची शक्यता, तोच त्या पानाचा पेजरँक. समजा, क हे पान ख व ग या दोघांना दुवा देते, ख फक्त ग ला आणि ग फक्त क ला. प्रत्येक पान आपले वजन आपल्या दुव्यांत समान वाटते आणि पानाचे वजन = ०.१५ + ०.८५ × त्याला मिळालेल्या वाट्यांची बेरीज, असे धरून आकडेमोड केली, तर ग ला सुमारे १.१९, क ला १.१६ आणि ख ला ०.६४ मिळतात. क आणि ख यांच्याकडे प्रत्येकी एकच दुवा येतो, तरी क चे वजन जवळजवळ दुप्पट भरते. कारण ग आपले सगळे दान क लाच देतो, तर क चे दान दोघांत वाटले जाते. या उदाहरणात बेरीज ३, म्हणजे पानांच्या संख्येइतकी येते. पेज व ब्रिन यांच्या १९९८ च्या मूळ निबंधात मात्र हेच सूत्र देऊन बेरीज १ येते, असे म्हटले आहे. ते विधान खरे ठरण्यासाठी सूत्रातील ०.१५ या पदाला पानांच्या संख्येने भागावे लागते. पानांचा क्रम यामुळे बदलत नाही, पण अनेक पाठ्यपुस्तकांत दोन वेगळी सूत्रे का दिसतात, त्याचा उलगडा येथे होतो.

दुव्याच्या शब्दांनाही महत्त्व असते. ज्या शब्दांवर दुवा बसवलेला असतो, ते ज्या पानाकडे तो जातो त्याचे वर्णन समजले जातात. म्हणूनच अनेकांनी ठरवून एकाच वाक्प्रयोगावर दुवे दिले, की ते शब्द ज्या पानावर नाहीत असे पानही निकालात वर येई. ‘मिझरेबल फेल्युअर’ शोधल्यावर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे अधिकृत चरित्र पुढे येण्याचा २००३ मधील प्रकार याच जातीचा. गूगलने २००७ च्या आरंभी असे प्रकार निष्प्रभ करणारा बदल केला.

गैरवापर व उपाय : दुव्याला मोल आले, तसा त्याचा बाजारही उभा राहिला. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू व एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली; ती असलेला दुवा शिफारस म्हणून धरला जात नसे. २०१९ मध्ये गूगलने जाहिरातीच्या व वापरकर्त्यांनी टाकलेल्या दुव्यांसाठी वेगळ्या खुणा आणल्या आणि नोफॉलोला आदेशाऐवजी सूचनेचा दर्जा दिला. गूगलच्या एप्रिल २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलाने कृत्रिम दुवे जमवणाऱ्या स्थळांना खाली ढकलले. २०१६ पासून मात्र अशा स्थळांना शिक्षा करण्यापेक्षा ते दुवेच हिशेबातून वगळण्यावर भर आहे. गूगलच्या ब्राउझर-टूलबारवर दिसणारा पेजरँकचा आकडाही त्याच वर्षी बंद झाला. रशियातील यांडेक्स या सर्च इंजिनाने २०१४ मध्ये मॉस्को परिसरातील काही व्यापारी शोधांपुरते दुवे वगळून पाहिले. पुढील वर्षी ते पुन्हा विचारात घेतले गेले.