एट्रुस्कन बाईची शृंगारपेटी आणि आजचं डिझाइन: जरा मागे जाऊन

एट्रुस्कन लोकांच्या अंगनिगेवरून आज कोणी बामची बरणी, हातआरसा किंवा तेलाची कुपी डिझाइन करतं तेव्हा बहुतेक वेळा फक्त आकार उचलला जातो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण खरी गंमत त्या वस्तू कशा वापरल्या जायच्या त्यात आहे.

एट्रुस्कन म्हणजे रोम मोठं व्हायच्या आधीपासून आजच्या इटलीतल्या तोस्काना, उंब्रिया आणि लात्सिओच्या उत्तर भागात राहणारे लोक, साधारण इ.स.पू. ९०० ते १००. त्यांचं लिखाण फारच थोडं उरलंय, त्यामुळे जे कळतं ते बरंचसं कबरींमधून. बाहेरच्यांनी लिहिलेलं थोडं आहे, पण ते जपून वाचावं लागतं. थिओपोम्पस नावाचा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. चौथ्या शतकात नाक मुरडत सांगतो की इथल्या बायका शरीराची फार निगा राखतात, व्यायाम करतात, आणि ग्रीकांकडे जशी न्हाव्याची दुकानं तशी इथे डांबर लावून केस काढून देणारी दुकानं आहेत. म्हणजे वॅक्सिंग पार्लरच की!

कबरींत सापडतात ब्राँझचे आरसे, आजवर तीन हजारांच्या वर. एक बाजू घासून चकचकीत केलेली, मागच्या बाजूला कोरीव चित्रं, त्यात तुरान म्हणजे सौंदर्याची देवी पुष्कळदा दिसते आणि आकृतींच्या शेजारी त्यांची नावंही कोरलेली असतात. सोबत तेलाच्या निमुळत्या कुप्या, फण्या, चिमटे, आणि अंगाला तेल चोळून मग ते मळासकट खरवडून काढायची वाकडी धातूची पट्टी, तिला स्ट्रिजिल म्हणतात.

हे सगळं ठेवायला डबा असायचा, सिस्टा. आपल्या फणेरपेटीसारखंच समजा, फक्त बहुतेक गोल आणि ब्राँझचा. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे फिकोरोनी सिस्टा, रोमजवळच्या पालेस्त्रिना गावात सापडलेली, आता रोमच्या व्हिला जुलिया म्युझियममध्ये. जवळपास पाऊण मीटर उंच, सिंहाच्या पंजांचे पाय आणि त्या पंजांखाली दबलेले बेडूक, झाकणावर तीन आकृत्या त्याच मूठ म्हणून. आणि झाकणावर लॅटिनमध्ये लिहिलंय की दिंदिया माकोल्नियाने हे मुलीला दिलं, नोव्हिओस प्लाउतिओसने मला रोममध्ये घडवलं. डबा स्वतःच 'मला' म्हणतोय! पालेस्त्रिना हे खरं तर लॅटिन गाव, कारागीरही रोमचा, पण या डब्यांवर एट्रुस्कन छाप पक्की आहे. आईनं मुलीला द्यायची वस्तू म्हणून हे घडवलंय हे मला फार मोठं वाटतं.

आणि आत भरलेलं काय असायचं? क्युसीजवळ थाना प्लेकुनिया नावाच्या श्रीमंत बाईच्या कबरीत, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, एका पेटीत अंगठ्या, चिमटा, दोन फण्या आणि अ‍ॅलॅबास्टर या मऊ, फिकट दगडाची इजिप्शियन कुपी मिळाली, आतला मलम तसाच. पिसा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो तपासला, २००९ मध्ये छापून आलं: शेवग्याच्या बियांचं तेल, पाइनची राळ आणि रूमी मस्तकी, म्हणजे एका झुडपाचा सुवासिक डिंक. शेवगा इटलीत उगवत नाही, म्हणजे कुपीसारखं तेलही बाहेरूनच, बहुधा इजिप्तकडूनच आलं असणार. आज मोरिंगा ऑइल म्हणून छोट्या बाटलीत महाग विकतात ते हेच, शेवग्याच्याच कुळातलं.

मधल्या काळात हे सगळं युरोपला परत आठवलं तेही चुकीच्या समजातून. १७६९ मध्ये जोसाया वेजवुडने इंग्लंडमधल्या आपल्या चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्याचं नाव एट्रुरिया, म्हणजे एट्रुस्कनांचा प्रदेश, असं ठेवलं, कारण एट्रुस्कन कबरींतून निघालेली रंगीत भांडी तेव्हा एट्रुस्कनच मानली जायची, खरं तर त्यातली बरीचशी ग्रीक होती. अस्सल एट्रुस्कन म्हणाल तर बुक्केरो, भट्टीत हवा कोंडून आरपार काळी भाजलेली माती, आजच्या मॅट काळ्या बरण्या बघितल्या की मला तीच आठवते.

म्हणून आज कोणी डिझाइन करत असेल तर माझं मागणं एवढंच, बरणी परत भरता येऊ दे, आरसा दुरुस्त करता येऊ दे, झाकणावर नाव कोरायला जागा ठेवा. एट्रुस्कन लोक काही आरशांच्या चकचकीत बाजूवरच 'शुथिना' असं कोरायचे, म्हणजे 'कबरीसाठी', की मग त्यात जिवंत माणसाला तोंड धड बघताच येऊ नये. तो आरसा आता त्या बाईचाच.