बेळगावच्या मिशनने मागे काय ठेवलं?

मिशनऱ्यांच्या कामाचं मोजमाप किती माणसं बाटली यावरून करायची सवय टीकाकारांना आहे, तशीच मंडळीतल्या भाविकांनाही आहे. बेळगावला ते माप लावलं तर हाती फारसं काही लागत नाही. इथे ख्रिस्ती माणसं थोडीच होती आणि आजही थोडीच आहेत. पण त्यांच्या खुणा मात्र कॅम्पापासून कॉलेज रोडपर्यंत पदोपदी भेटतात.

१८१८ साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि गावाला लष्करी छावणी चिकटली. जनरल प्रिट्झलर यांच्या बोलावण्यावरून १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटी या प्रोटेस्टंट संस्थेचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथे आले. त्यांच्यामागून विल्यम बेनन आले. १८३२ च्या सुमारास इंग्रजी शाळा निघाली. तीच पुढे बेनन आणि जेम्स स्मिथ या दोघांच्या नावाने ‘बेननस्मिथ’ झाली. (टेलर यांचा मुलगा गुजरातेत गेला आणि गुजरातीचा व्याकरणकार म्हणून नाव कमावून बसला. बापाने बेळगावात पेरलं आणि पोराचं पीक भलतीकडेच आलं, असंही होतं.)

बेळगावच्या मिशन शाळेची खरी कमाई मात्र एका कासाराच्या मुलाची. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचाच. लहानपणी आपण पूजाअर्चेत आणि व्रतवैकल्यांत किती रमायचो, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. मिशन शाळेत इंग्रजीबरोबर बायबल हाती आलं आणि मनात जे चक्र सुरू झालं ते मुंबईच्या शिक्षणातही थांबलं नाही. ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मुंबईत नव्हे तर बेळगावात, जिथे सगळी जात ओळखीची होती. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे घरचं पान कायमचं उठणं. बायकोनेही त्यांच्याबरोबर नांदायला नकार दिला.

इथवरची गोष्ट त्या पिढीतल्या बऱ्याच जणांची आहे. पदमनजी वेगळे ठरतात ते पुढच्या पन्नास वर्षांमुळे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि त्यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांच्या हालअपेष्टा पाहते, आणि पुढे तीच गत तिच्या वाट्याला येते. कादंबरी म्हणून ती आज जड जाते, उपदेश जागोजागी डोकं वर काढतो. तरी केशवपन झालेल्या बायकांचं दुःख मराठीत इतकं सविस्तर तोवर कुणी मांडलं नव्हतं. त्यांनी मराठी शब्दांचा ‘शब्दरत्नावली’ हा कोश १८६० मध्ये काढला, मोल्सवर्थच्या मोठ्या मराठी-इंग्रजी कोशाची आटोपशीर आवृत्ती १८६३ मध्ये केली, बायबलातल्या नव्या करारावर भाष्य लिहिलं, नियतकालिकं चालवली. १९०६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून जास्त लहानमोठी पुस्तकं होती. चर्चची पायरी कधी न चढलेल्या मराठी माणसालाही त्यांचा वारसा पोचला आहे. फक्त तो कुणाचा, हे त्याला ठाऊक नसतं. खुद्द बेळगावात तरी किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे!

१९०४ साली लंडन मिशनने इथलं काम मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनच्या हवाली केलं. माणसं बदलली, पण शाळा चालू राहिली.

कॅथलिकांची वाट निराळी. खानापूर भागात आणि शहरात गोव्याकडून आलेली कोकणी घराणी होती, छावणीत गोरे शिपाई होते. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, मात्र १९५३ मध्ये झाला.

चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या लोकांसाठी मिशन म्हणजे शाळेपेक्षा दवाखाना, आणि तोही हद्दीपलीकडचा. डॉ. विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टरांनी मिरजेत १८९४ मध्ये इस्पितळ उघडलं आणि १८९७ पासून इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवायला घेतलं. आपल्यामागे काम चालवणारी माणसं आपल्या हयातीतच तयार करायची, ही त्यांची दृष्टी मला इमारतींपेक्षा मोठी वाटते. पुढे राज्यांची हद्द मध्ये आली, पण पेशंट जड झाला की “मिरजेला न्या” हेच तोंडी राहिलं.

मागे काय राहील हे माणसाच्या हातात थोडंच असतं! सेंट पॉल्सचे फादर एडी यांचं नाव बेळगावातल्या शाळकरी पोरांच्या तोंडी आहे ते प्रवचनांमुळे नाही. माजी विद्यार्थी त्यांच्या स्मरणार्थ शाळाशाळांतली फुटबॉल स्पर्धा भरवतात. पोरं सरळ विचारतात, “यंदा फादर एडीत खेळतोस काय?”