पार्श्वभूमी : ‘माहेरची साडी’ आणि तक्रार न करणारी सून

1991 मध्ये ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा मराठी पडदा विनोदी चित्रपटांनी व्यापला होता. ‘धूमधडाका’ (1985) चालल्यापासून निर्मात्यांना हसवण्यातच हमखास पैसा दिसत होता. अशा वेळी राजस्थानी ‘बाई चली सासरिये’वरून (1988) बेतलेला हा सासुरवासाचा चित्रपट बायकांनी डोक्यावर घेतला. त्याची नायिका अलका कुबल 1984 च्या ‘लेक चालली सासरला’मध्येही नायिका होती. पुढे बरीच वर्षं तिच्या वाट्याला सोशिक सुनाच आल्या.

आक्षेप घेतला गेला तो या सोशिकपणाच्या गौरवावर, आणि तो निराधार नव्हता. भारतीय दंड संहितेत 1983 मध्ये विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाविरुद्ध 498अ हे कलम आलं, 1986 मध्ये हुंडाबळीसाठी 304ब. पडद्यावरची सासू करत होती त्या छळाला तुरुंगाची शिक्षा होती, तरी या कथांतली सून पोलीस चौकीची पायरी क्वचितच चढते. तिने तक्रार नोंदवली की गोष्ट कोर्टाची होते, बाप-भावाची राहत नाही.

पण रडणाऱ्या बायकांना त्यावरून भाबडं ठरवलं गेलं, हा अन्याय होता. कायदा आला तरी ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणणारं माहेर बदललं नव्हतं. सासूच्या छळापेक्षा परतीचं दार बंद असणं त्यांना जास्त लागत होतं. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर घालायची साडी माहेरहून येते. अनेक घरांत भाऊ ती घेऊन पोहोचेपर्यंत तिला उचलत नाहीत. हे पाहिलेल्या बाईला चित्रपटाच्या नावानेच गलबलून येई.

ही परंपरा जुनी आहे. भाऊ-माहेराचा हा कढ जात्यावरच्या ओव्यांतून आला, 1919 मध्ये ‘एकच प्याला’तल्या सिंधूने सोसणाऱ्या पत्नीला रंगभूमीवर उभं केलं. 1953 च्या चित्रपटांतून पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं, त्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. ‘मोलकरीण’ (1963) तर मुलाच्याच घरी राबणाऱ्या आईची गोष्ट.

2001 पासून ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग गाठले. सासू-सून रोज संध्याकाळी घरातच दिसू लागल्यावर रडण्यासाठी तिकीट काढायची गरज उरली नाही. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका पुन्हा घोळक्याने थिएटरात गेल्या. रडल्याही. तिथे बाप-भावाची वाट पाहणं नव्हतं. सहा बहिणी होत्या आणि मंगळागौरीची स्पर्धा होती.